फिंतासमधली शेवटची खोली

१

शुक्रवारी दुपारी मी आणि आई वाम खायला जायचो.

कुवेतमध्ये राहून वाम मासळी, तीही जपानी पद्धतीची, हे ऐकून आमच्या ओळखीची माणसं हसायची. पण खरंच तसं एक हॉटेल फिंतासला आहे. समुद्रासमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. तिथे दुसरं काही फारसं मिळत नाही. वाम उभी चिरायची, काटा काढायचा, निखाऱ्यावर भाजायची, गोडसर काळ्या रसात बुडवायची, पुन्हा भाजायची आणि लाखेच्या चौकोनी डब्यात गरम भातावर पसरून वर झाकण ठेवून द्यायची. एवढंच.

बाबा गेल्यानंतर आई विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग गॅस, मग जेवण. ती वेंगुर्ल्याला एकटीच. शेजारच्या काकूंचा फोन आला, "सुयोग, वयनींचा काय खरा नाय, तू घेवन जा त्यांका," तेव्हा मी व्हिसा काढून तिला इकडे आणलं. अबू हलीफाला आमचा फ्लॅट आहे. मी कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंट्स बघतो, माझी बायको रसिका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आईला इथे बरं वाटेल असं आम्हाला वाटलं होतं. पण ती ताटासमोर बसायची, भाताकडे बघत राहायची आणि विचारायची, "मी जेवलंय मा रे?"

"नाही गं, आई. जेव."

"आणि तुझो बापूस जेवलो काय?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं. तेव्हा ती जी रडली, ते पाहून पुढे कधी सांगितलं नाही. "जेवले, आई. तू जेव," एवढंच म्हणायचो. तरी ती दोन घासांवर उठायची. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

ऑफिसातल्या कोणीतरी त्या हॉटेलचं नाव सांगितलं. एका शुक्रवारी रसिकाला ड्युटी होती, मला सुट्टी, म्हणून आईला घेऊन गेलो. आईने डब्याचं झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि कित्येक महिन्यांत न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "अरे, ही वाम नाय काय?"

शेजारी छोट्या लाकडी नळकांड्यात हिरवट पूड होती. तिने चिमूट नाकाशी नेली. "तिरफळ! हयसर तिरफळ खयसून इला रे?"

ते आमच्याकडे माशाच्या कालवणात घालतात ते तिरफळ नव्हतं, त्याचंच कोणीतरी जपानी भावंड होतं. पण आईने डब्यातलं शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. मी तिच्याकडे बघत बसलो आणि माझा डबा तसाच गार झाला.

त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही. ती दर वेळी विसरलेली असायची, दर वेळी झाकण उचलून नव्याने चकित व्हायची. मला तेवढा एक आनंद पुरत होता.

२

गर्दीत आई गोंधळते म्हणून ते आम्हाला कायम शेवटची खोली द्यायचे.

जिना चढून आत गेलं की डाव्या हाताला काचेमागे भाजायची भट्टी, तिथेच हात धुवायची दगडी कुंडी. तिथून एक अरुंद पॅसेज समुद्राच्या दिशेने जातो. पॅसेजला एका बाजूने खोल्या, कागदी सरकत्या दारांच्या. बूट बाहेर काढून चटईवर बसायचं. टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असल्यामुळे आईच्या गुडघ्यांची सोय व्हायची. आमच्या खोलीनंतर पॅसेज संपायचा. भिंत आणि भिंतीवर बगळ्याचं एक चित्र.

खोलीत उजवीकडची बाजूही लाकडी चौकटीत बसवलेल्या कागदाचीच होती, मागून मंद उजेड असलेली. मला वाटलं, पलीकडे आणखी खोली असेल. वाढपी शत्रुघ्न बिहारचा, आईवर त्याचा फार जीव. त्याला विचारलं तर तो हसला.

"नहीं साब, ये तो सिर्फ सजावट है. पीछे ट्यूबलाइट, उसके पीछे दीवार. दीवार के बाहर समुंदर."

ती जागा शांत होती. भट्टीजवळच्या पंख्याची फडफड, रस निखाऱ्यावर पडल्याचा चर्र आवाज, लाखेचं झाकण टेबलावर ठेवल्याचा हलकासा टक्. बाहेर ऊन असं की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येऊ नये, आणि आत मात्र विहिरीत उतरल्यासारखं गार.

३

झाकणाचा तो टक् आवाज मला आधी दोनदा ऐकू आला, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आईने झाकण ठेवलं, मी ठेवलं, आणि मग उजवीकडच्या कागदामागे कोणीतरी ठेवलं. इमारत पोकळ असते, आवाज फिरून येतो. मी स्वतःला तसं सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी आई जेवता जेवता थांबली. कागदाकडे बघून तिने मान हलवली, शेजारणीला ओळख द्यावी तशी.

"काय गं?"

"पलीकडे पण वामच खातत," ती म्हणाली.

"पलीकडे कोणी नाही, आई. भिंत आहे."

"बरा," ती म्हणाली आणि जेवू लागली. माझं म्हणणं तिला पटलं नव्हतं, पण माझा मान ठेवायचा म्हणून ती गप्प बसली होती. लहानपणी मी काही बरळलो की ती अशीच गप्प बसायची.

त्यानंतरच्या वेळी मी मुद्दामच बघायचं ठरवलं. शत्रुघ्नने डबे ठेवले. आईला म्हटलं, जरा थांब. माझ्या डब्यावर हात ठेवला आणि काहीच न करता बसून राहिलो. प्रतिध्वनी असेल तर आधी मूळ आवाज हवा.

कागदामागे टक् झालं.

माझा हात झाकणावरच होता. मग पलीकडे कोणीतरी हलकेच खोकलं. जेवायला सुरुवात करण्याआधी घसा साफ करतात, तसं. मी हिशेबी माणूस आहे. वरच्या मजल्यावर दुसरं दुकान असेल, एसीच्या नळीतून आवाज येत असेल, असे सगळे विचार मी केले. आई वामीचा तुकडा चघळत शांतपणे माझ्याकडे बघत होती.

त्याच वेळी तिथे जाणं थांबवता आलं असतं. पण मग ती काय खाणार होती?

४

त्या शुक्रवारी वाळूचं वारं होतं. समुद्र दिसतच नव्हता, रस्त्यापलीकडे नुसता पिवळा पडदा. आईच्या हातांना वाटेत धूळ लागली होती. शत्रुघ्नने गरम टॉवेल दिला, पण तिला पाण्यानेच हात धुवायचे असायचे.

"मी हात धुवन येतंय," ती उठली.

दर वेळी मी बरोबर जायचो. तेवढ्यात रसिकाचा फोन आला. शत्रुघ्न पॅसेजमध्येच होता, मी त्याला खूण केली, तो हो म्हणाला. आई दारातून बाहेर पडून डावीकडे वळली. कुंडी डावीकडेच आहे. तिचा डावा पाय थोडा ओढला जायचा, चटईवर त्याची घसट लांब जाताना मी ऐकली.

रसिकाशी बोलून फोन ठेवला. डबे आले होते. मी वाट बघत होतो.

पावलं ऐकू आली. एकसारखी, हलकी, न घसटणारी. आणि ती उजवीकडून आली.

उजवीकडे पॅसेज नाही. बगळ्याचं चित्र आहे आणि भिंत.

दार सरकलं. आई आत आली. टेबलाची कड न धरता, एका दमात, खाली बसली. तिचे हात ओले होते. पुसले नव्हते. थेंब टेबलावर पडत होते.

"सुयोग, जेवून घे. गार होतंय," ती म्हणाली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेत अशीच पुस्तकी मराठी बोलायची. घरी मात्र माझ्याशी कधीच नाही. घरी मालवणी. आणि मला ती 'सुयोग' म्हणत नाही, 'सुयोगा' म्हणते.

"आई, तू कुठून आलीस?"

"हात धुऊन आले. कुठून येणार?" तिने झाकण उचललं. ती चकित झाली नाही. जेवायच्या जपानी काड्यांनी वामीचा तुकडा नीट उचलला. आजवर ती हातानेच जेवत आली होती.

"तिरफळ घालू?" मी नळकांडं पुढे केलं.

"नको. उग्र वास येतो त्याला."

मी घास तोंडात घातला. गिळायच्या आत उजवीकडच्या कागदामागून आवाज आला. अगदी जवळून, गाल कागदाला टेकवून बोलावं तसा.

"सुयोगा... खय रवलंस रे?"

मी समोरच्या आईच्या तोंडाकडे बघितलं. ती चावत होती. ओठ मिटलेले होते.

"सुयोगा, माका हयसर काय दिसणा नाय."

समोरची आई चावायची थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत गोंधळ नव्हता, विसर नव्हता. बाबा गेल्यानंतर असं स्वच्छ, पूर्ण ओळखीचं बघणं मी तिच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग जेव."

मी जेवलो. डबा संपेपर्यंत मान वर केली नाही. पलीकडून पुन्हा कोणी हाक मारली नाही. एकदाच कोणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं.

निघताना शत्रुघ्न दारापर्यंत आला. आईने त्याला नावाने हाक मारून, त्याच्या लेकीची परीक्षा कशी झाली ते विचारलं. तो इतका खूश झाला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अम्माजी को आज सब याद है, साब," तो म्हणाला.

५

रसिकाचा आनंद मी कसा सांगू?

आई सकाळी उठून अंघोळ करून तयार. आईने भाकऱ्या थापल्या. गॅस बंद केला. रसिकाचा वाढदिवस तिला आठवत होता, रसिकाच्या माहेरच्यांची नावं एकापाठोपाठ एक आठवत होती. गुडघा दुखत नव्हता. आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, चांगले दिवस येतात अधूनमधून, हवापालट, नियमित आहार, बघू या. रसिकाने घरी येऊन देवाजवळ साखर ठेवली.

मला बोलायला जागाच उरली नाही. आईचा पाय घसटत नाही, ही तक्रार असते का?

पण ती बाबांबद्दल विचारत नव्हती. एकदाही नाही. ते गेलेत हे तिला आठवतंय म्हणून विचारत नसेल, असं मी मनाला समजावलं. एकदा मीच विषय काढला. "बाबांना वाम आवडायची, नाही?"

"हो," ती म्हणाली. "आवडायची." एखाद्या धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तशी.

मग ते मटारचं प्रकरण. संध्याकाळी ती खिडकीपाशी बसून बाकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, आणलेले मटार सोलत होती. मी शेजारी बसलो होतो. काही कारण नसताना ती म्हणाली, "त्या दिवशी विहिरीत वाकला होतास तेव्हा किती घाबरला होतास रे."

 मी लहान असताना एकदा मागच्या विहिरीच्या कठड्यावरून आत वाकलो होतो आणि तोल गेला होता. हात दगडात अडकला म्हणून वाचलो. घरी कोणी नव्हतं. मी हे आईला सांगितलं नव्हतं, बाबांना नाही, रसिकालाही नाही.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

तिने शेंग उघडली, दाणे अंगठ्याने वाडग्यात लोटले.

"मी खालीच होते ना," ती म्हणाली.

आमच्या घराच्या खालच्या अंगाला माडांची बाग आहे. 'खाली' म्हणजे आम्ही बागेत म्हणतो. ती बागेत असेल, तिने वर बघितलं असेल. बागेतून विहीर दिसत नाही, मध्ये गोठा येतो. पण गोठा नंतर बांधला की आधी, हे मला नक्की आठवेना. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. ती भराभर सोलत होती, आणि बोटांची टोकं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली होती.

त्या दिवशी मी रसिकाला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात, हळू आवाजात. पावलांचं, हाकेचं, विहिरीचं. तिने नीट ऐकून घेतलं. ती घाईने हसणारी बाई नाही.

"सुयोग, तू दमलायस. गेलं वर्षभर तू तिचं बघतोयस."

"मी ऐकलंय, रसिका. तिचा आवाज होता."

"आणि ती समोर बसली होती."

"हो."

"मग तुला नक्की काय हवंय?" तिच्या आवाजात राग नव्हता, काकुळतच होती. "ती परत विसरायला लागायला हवी? परत रोज बाबांची वाट बघायला हवी?"

मी नजर वळवली. दाराशी आई उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिची चाहूल लागायची बंद झाली होती.

"चहा टाकू का?" तिने विचारलं.

६

शुक्रवार आला. रसिका ड्युटीवर गेली. मी आईला म्हटलं, "चल, वाम खायला."

"आता तिकडे कशाला?"

"तुला आवडते म्हणून."

"मी घरी करते काहीतरी." ती मटण धुवत होती. नळाखाली हात धरून, पाणी नुसतं वाहू देत. "तिथे आता आपलं कोणी नाही, सुयोग."

मी दूध आणतो म्हणून बाहेर पडलो.

दुपारची नमाज होऊन गेली होती. रस्ते मोकळे होते. फिंतास जवळ येईपर्यंत मी दोनदा गाडी बाजूला घेतली. जाऊन काय करणार होतो? कागद सरकवून बघायचं, मागे ट्यूबलाइट दिसली की परत यायचं, रसिकाला सांगायचं की तुझंच खरं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. निळ्या चौकड्यांचा शर्ट. रसिकाने इथल्याच सेलमध्ये घेतलेला.

जिना चढून आत गेलो. शत्रुघ्न भट्टीपाशी उभा होता. मला बघून तो हसला नाही. माझ्या मागे बघितलं, मग पॅसेजच्या दिशेने बघितलं.

"साब, आप बाहर कब गए?"

"मैं अभी आ रहा हूँ, शत्रुघ्न."

तो काहीतरी बोलणार होता. पण आतून कोणीतरी बोलावल्यासारखं त्याने मान वळवली आणि हातातल्या ट्रेकडे बघू लागला. ट्रेवर लाखेचे दोन डबे होते, झाकणं लावलेले.

मी बूट काढले आणि पॅसेजमधून शेवटच्या खोलीकडे गेलो.

७

खोली रिकामी होती. टेबल पुसलेलं, उशा नीट मांडलेल्या. मी दार ओढून घेतलं आणि माझ्या नेहमीच्या जागेवर बसलो.

पंख्याची फडफड ऐकू येत होती. उजवीकडचा कागद उजळलेला होता. पण तो ट्यूबचा स्थिर उजेड नव्हता. हलत होता. पाण्यावरून छतावर पडतो तसा.

टक्. एक झाकण.

टक्. दुसरं.

"अरे, ही वाम नाय काय?"

मी तोंडावर हात दाबून धरला.

"वामच आहे, आई," पलीकडे कोणीतरी म्हणालं. पुरुषाचा आवाज. "जेव."

"आणि तुझो बापूस जेवलो काय?"

"जेवले, आई. तू जेव."

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की परका वाटतो. हा परका वाटला नाही. मी जसा स्वतःला आतून ऐकतो, तसाच तो होता. तोच थकवा, 'तू' म्हणताना तेच किंचित थांबणं.

मी गुडघ्यांवर सरकत कागदापाशी गेलो. चौकटीला बोटं लावली. ती पक्की ठोकलेली आहे हे मला माहीत होतं, आधी एकदा हलवून पाहिली होती. आता ती सरकली. तेल घातल्यासारखी, आवाज न करता. बोटभर फट पडली.

आमच्यासारखीच खोली. तीच चटई, तेच टेबल. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. आई माझ्या बाजूला तोंड करून बसली होती. बांगड्या कोपरापाशी. हनुवटीला एक शीत चिकटलेलं. ती लहान मुलासारखा आ करून वाट बघत होती.

तिच्या समोर, माझ्याकडे पाठ करून, एक माणूस बसला होता. निळ्या चौकड्यांचा शर्ट, पाठीला घामाने चिकटलेला. त्याने वामीचा तुकडा बोटांनी मोडला, निरखून बघितला, एक बारीक काटा काढून बाजूला ठेवला, चिमूटभर पूड लावली आणि घास तिच्या तोंडात दिला. तिने डोळे मिटून चावला. तिच्या चेहऱ्यावर एवढं सुख होतं की मला वाटलं, निघून जावं, ह्यांना जेवू द्यावं.

मग तिने डोळे उघडले. फटीकडे बघितलं. थेट माझ्याकडे.

मी ओठ हलवले. आई म्हणायला.

ती थोडी मागे सरकली. तिने समोरच्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ह्यो कोण रे, सुयोगा?"

तो थांबला. त्याची मान थोडी वळली. कान दिसला, गालाची कड दिसली. तो आणखी वळला असता तर... पण तो वळला नाही. मला बघायची त्याला गरज वाटली नसावी.

"कोणी नाही, आई," तो म्हणाला. "तू जेव."

आणि न बघताच त्याने हात मागे लांब केला आणि चौकट हळूच बंद केली. दुपारी झोपलेल्या माणसावर ऊन येऊ नये म्हणून आपण खिडकी लोटतो, तशी.

८

मी चौकट ओढली. हलली नाही. मग मी कागदावर मूठ मारली. कागद फाटला. आत धूळ, एक लांब ट्यूबलाइट आणि तिच्यामागे सिमेंटची भिंत. मी दुसऱ्या कप्प्यावर मारली, तिसऱ्या. सगळीकडे भिंत. गार आणि किंचित ओलसर.

शत्रुघ्न धावत आला. त्याच्यामागे मॅनेजर. मी माफी मागितली, भरपाई देतो म्हणालो. शत्रुघ्न माझ्या हाताकडे बघत होता. बोटांची सालं निघाली होती. तो मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि एरवी खाली उतरून गाडीचं दार उघडून देणारा माणूस, त्या दिवशी वरच थांबला.

"साब," तो वरून म्हणाला, "अब आप मत आइए." मग थोडं थांबून, हात जोडून, "अम्माजी का मैं देख लूँगा."

मी गाडीत बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही. वारं नव्हतं, समोर समुद्र सपाट आणि पांढरा होता. कुठल्या आईकडे जायचं, असा प्रश्न उरला नव्हता. एकीने मला ओळखलं नव्हतं आणि दुसरी घरी माझ्यासाठी मटण शिजवत होती. मी रडायचा प्रयत्न केला. आलं नाही. उलट हळूहळू बरं वाटायला लागलं. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून नेल्यासारखं. त्या बरं वाटण्याची मला भीती वाटली, पण तीही फार वेळ टिकली नाही.

अबू हलीफाला पोहोचलो तेव्हा सूर्यास्ताची, मगरिबची अजान चालू होती. दूध आणायचं राहून गेलं होतं. लिफ्टने वर गेलो, बेल वाजवली.

रसिकाने दार उघडलं. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. आतून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता आणि आईचा आवाज, "आला का गं सुयोग?"

"आलो, आई," मी म्हणालो.

रसिका बाजूला झाली नाही. दारातच उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी वाट बघितली, ती कुठे होतास म्हणून विचारेल. हाताला काय लागलं म्हणून विचारेल.

"काय गं?" मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आज किती बरा दिसतोयस."